चौदा आणि शून्य : मुंबई प्रांताच्या दोन निवडणुकांचा अन्वयार्थ

निवडणुकीचा निकाल आपल्याकडे ऐकला जातो, वाचला जात नाही. कोण आला, कोण पडला, किती मतांनी पडला, एवढे कळले की आपले कुतूहल संपते. मग विजय असेल तर तो नेत्याच्या कर्तृत्वाच्या खाती जमा होतो, पराभव असेल तर प्रतिपक्षाच्या कपटाच्या खाती. दोन्ही नोंदी सोयीच्या असतात आणि दोन्हींतून कार्यकर्त्याला शिकण्यासारखे फार थोडे उरते. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासातल्या दोन प्रांतिक निवडणुकांच्या बाबतीत हेच घडलेले आहे, असे माझे मत आहे.

फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. बाबासाहेबांनी जेमतेम सहा महिन्यांपूर्वी, ऑगस्ट १९३६ मध्ये, स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले १४ निवडून आणले. नऊ वर्षांनी, १९४६ मध्ये, त्याच प्रांतात, १९३५ च्या त्याच कायद्याखाली, पुणे कराराच्या त्याच पद्धतीने पुन्हा निवडणूक झाली. या वेळी बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला मुंबई प्रांतात एकही जागा मिळाली नाही. सबंध ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १५१ राखीव जागांपैकी फेडरेशनच्या वाट्याला फक्त दोन आल्या : एक बंगालमध्ये, एक मध्यप्रांत-वऱ्हाडात. लोक तेच, नेता तोच, कायदा तोच. आणि निकाल एकदा चौदा, एकदा शून्य. या दोन आकड्यांच्या मधली जागा वाचायला हवी. जयंतीच्या व्यासपीठावरून ती कोणी वाचत नाही, आणि प्रस्थापित इतिहासकार तर मुळीच वाचत नाहीत.

प्रथम हे पाहू की, १९३७ साली मत कोणाला होते. ती प्रौढ मताधिकाराची निवडणूक नव्हती. शेतसारा, घरभाडे, प्राप्तिकर, शिक्षण असल्या अटींच्या चाळणीतून जो खाली उतरेल तो मतदार. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, ज्याच्या झोपडीला भाडे नाही, त्याचे नाव यादीत नाही. स्त्रीला मत मिळाले ते बहुधा नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधाराने किंवा स्वतःच्या साक्षरतेच्या जोरावर. म्हणजे दलित स्त्री जवळजवळ सगळीच बाहेर राहिली. अस्पृश्यांसाठी मुंबई प्रांतात ही अट थोडी सैल केलेली होती. जो अस्पृश्य लिहू-वाचू शकेल, किंवा जो गावकीचे कनिष्ठ काम करीत असेल, त्यालाही मतदार होता येत होते.

या तरतुदीचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. महार वतन म्हणजे गावाची वेठ. सांगावे पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे पळायचे आणि मोबदल्यात बलुत्यासाठी दारोदार हात पसरायचा. हे वतन मोडून काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ पासून कायदेमंडळात झगडा मांडला होता. आणि त्याच वतनाच्या कामामुळे गावचा महार १९३७ च्या मतदारयादीत आला. ज्या खुंटीला माणूस बांधलेला होता त्याच खुंटीवर त्याचे मत टांगलेले होते. त्याने ते मत वतनाविरुद्ध उभ्या असलेल्या पक्षाला दिले. चौदा या आकड्याच्या पोटात ही गोष्ट आहे. तिचा उच्चार न करता केलेला विजयाचा जयघोष मला पोकळ वाटतो.

आता मोजणीची पद्धत पाहू. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. निवडणूक दोन पायऱ्यांची ठरली. राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असतील तर आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांची निवड करायची. मग त्या चारांतून एकाला संयुक्त मतदारसंघाने, म्हणजे स्पृश्य-अस्पृश्य सर्वांनी मिळून, निवडायचे. पहिल्या पायरीवर आमचे मत आणि दुसऱ्या पायरीवर त्यांची संख्या. प्राथमिक निवडणुकीत पहिला आलेला शेवटी पडावा आणि चौथा आलेला निवडून यावा, ही शक्यता या रचनेतच होती. तिला कोणाच्या कपटाची गरज नव्हती.

पण मुंबई प्रांतात आणखी एक गोष्ट होती, आणि चौदाचे गणित तिच्याशिवाय सुटत नाही. येथे मतदारसंघ अनेक जागांचे होते आणि मते एकवटण्याची मुभा होती. मतदारसंघात तीन जागा असतील तर प्रत्येक मतदाराला तीन मते. ती त्याने तिघांना वाटावीत किंवा तिन्हीच्या तिन्ही एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत. ही मुभा रहावी असा बाबासाहेबांचा आग्रह होता. त्यांना ठाऊक होते की, ज्याची संख्या थोडी त्याने आपले मत विखरू दिले तर त्याची माती होते. दलित मतदाराने आपली सारी मते आपल्या एका उमेदवाराला द्यायची, आणि सवर्ण मतदार आपली मते सर्वसाधारण जागांवरच्या आपापल्या उमेदवारांत वाटत असतील, तर राखीव जागेचा निर्णय बऱ्याच अंशी दलित मतांनी होईल. १९३७ साली पुष्कळ ठिकाणी असेच झाले असावे, असा निष्कर्ष मी काढतो.

मात्र निव्वळ गणिताने चौदा झाले नाहीत. स्वतंत्र मजूर पक्ष हा नावाप्रमाणेच केवळ एका जातीचा पक्ष म्हणून उभा राहिला नव्हता. गरज पडेल तेथे राज्याने उद्योग चालवावेत, कुळांना संरक्षण मिळावे, शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी भूतारण बँका निघाव्यात, कामगाराच्या हिताचे कायदे व्हावेत, असा त्याचा कार्यक्रम होता. निवडून आलेल्या चौदांपैकी अकरा राखीव जागांवरचे आणि तीन सर्वसाधारण जागांवरचे होते. शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस हे जन्माने सवर्ण असलेले कार्यकर्ते दलितांच्या नेतृत्वाखालच्या पक्षातून विधानसभेत गेले. त्यांच्यासोबत नाशिकचे भाऊराव गायकवाड, पुण्याकडचे रा. रा. भोळे, खानदेशचे दौलतराव जाधव, बेळगावचे बळवंतराव वराळे होते. कोकणातला खोतांच्या जाचाने पिचलेला कुणबी आणि महार एका निशाणीखाली येऊ शकतो, हे या निकालाने दाखवून दिले. सवर्ण सुधारकाच्या दयेने दलित निवडून आला हा नेहमीचा क्रम; येथे तो उलटा झाला.

त्याच निवडणुकीतली दुसरी बाजूही लपवता कामा नये. मुंबईत भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू हे त्या काळातले नामांकित क्रिकेटपटू, जन्माने चर्मकार, पुणे कराराच्या वाटाघाटींत भाग घेतलेले. बाबासाहेब निवडून आले, पण लढत चुरशीची झाली. काँग्रेसने उमेदवार निवडताना नुसती लोकप्रियता पाहिली नाही. दलितांमधली जातीची भेग पाहिली. ही भेग तिने निर्माण केली नव्हती. स्वतंत्र मजूर पक्षाच्या राखीव जागांवरच्या उमेदवारांत महारांचा भरणा मोठा होता, आणि चर्मकार-मातंग समाजाला हा पक्ष आपला वाटावा एवढे काम झालेले नव्हते. प्रतिपक्ष आपल्या घरातली फट वापरतो तेव्हा त्याला दोष देऊन फट बुजत नाही.

चौदा जणांनी काय केले? १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर चालून आला. औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी गिरण्यांत संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पण खोतीचे विधेयक त्या सभागृहात मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली ती १९५८ च्या अधिनियमाने. १७५ च्या सभागृहात चौदा जण प्रश्न उभा करू शकतात, तो निकालात काढू शकत नाहीत. आणि खेर मंत्रिमंडळात एकही दलित मंत्री नव्हता, हेही याच निकालाचे उत्तर होते. शेजारच्या मध्यप्रांतात डॉ. खरे यांनी १९३८ मध्ये अग्निभोज या दलित सदस्याला मंत्रिमंडळात घेतले तेव्हा काँग्रेस श्रेष्ठींनी जो गदारोळ केला, तो सर्वश्रुत आहे.

बाबासाहेबांनी या निवडणुकीचे वाचन स्वतः करून ठेवले आहे. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मागणाऱ्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात १९३७ च्या निकालांचे विश्लेषण आहे. आमच्याकडे या ग्रंथाची आठवण त्यातल्या जळजळीत वाक्यांसाठी ठेवली जाते. मला तो कोष्टकांसाठी महत्त्वाचा वाटतो. १५१ राखीव जागांपैकी ७८ काँग्रेसने जिंकल्या, म्हणून अस्पृश्य आमच्याच मागे आहेत, असा काँग्रेसचा दावा होता. बाबासाहेबांनी विचारले : या जागा कोणाच्या मतांनी जिंकल्या? मतदारसंघनिहाय आकडे लावून त्यांनी दाखविले की, राखीव जागेवरचा विजय आणि दलितांचा कौल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहित्याची समीक्षा करताना आपण संहितेमागचा लेखक शोधतो, त्याचा वर्ग-वर्ण तपासतो. बाबासाहेबांनी निकालाची संहिता तशीच तपासली. दलित समीक्षेची ही एक थोर परंपरा आहे, आणि आपण तिचे पुरेसे वारसदार झालेलो नाही.

मग १९४६ आले. मुंबई प्रांतात काँग्रेसच्या जागा ८६ वरून १२५ वर गेल्या. फेडरेशन साफ झाले. कॅबिनेट मिशनपुढे या निकालाचा अर्थ एकच लावला गेला : अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व काँग्रेस करते. बाबासाहेबांनी त्याला प्राथमिक निवडणुकीचे आकडे दाखवून उत्तर दिले. जेथे केवळ अस्पृश्यांनी मते दिली तेथे काँग्रेसला २८ टक्केच मते मिळाली, उरलेली ७२ टक्के तिच्या विरोधात गेली. तरी ती मते शेवटच्या मोजणीत कोठेच दिसली नाहीत. जुलै १९४६ मध्ये पुण्यात विधानसभेच्या अधिवेशनापुढे फेडरेशनने सत्याग्रह केला तो याच अन्यायाविरुद्ध. आणि घटनासमितीत जाण्यासाठी बाबासाहेबांना मुंबईची दारे बंद झाली म्हणून जोगेंद्रनाथ मंडल यांच्या बंगालमधून निवडून यावे लागले.

हा अन्याय खराच होता. पण येथेच थांबणाऱ्या आमच्या माणसांना माझे दोन प्रश्न आहेत.

पहिला असा की, प्राथमिक निवडणूक १५१ पैकी सुमारे चाळीसच मतदारसंघांत झाली. बाकीच्या शंभरावर ठिकाणी चारांहून अधिक उमेदवार उभेच राहिले नाहीत. त्या शंभर ठिकाणी आपली संघटना कोठे होती? शिवाय काँग्रेसविरोधी ७२ टक्के म्हणजे सगळी फेडरेशनची मते नव्हेत. त्यात अपक्ष होते, इतर गट होते. विरोध विखुरलेला असला की तो आकड्यात मोठा आणि सभागृहात शून्य असतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. पुणे करार १९३७ मध्येही होता. मग त्याच पद्धतीतून एकदा चौदा आणि एकदा शून्य कसे? केवळ पद्धत दोषी म्हटली तर चौदाचा उलगडा होत नाही. केवळ नेतृत्व थोर म्हटले तर शून्याचा होत नाही.

मला दिसणारे उत्तर असे आहे. राखीव जागेचा निकाल राखीव जागेवर लागत नाही. तो शेजारच्या सर्वसाधारण जागेवर लागतो. १९३७ साली काँग्रेसला प्रांतात स्वतःचे निर्विवाद बहुमतही नव्हते. ब्राह्मणेतर, लोकशाही स्वराज्यवाले, अपक्ष यांच्याशी तिला सर्वसाधारण जागांवर झुंजावे लागत होते. आपली मते तिला तेथे खर्च करणे भाग होते; राखीव जागेवरच्या आपल्या उमेदवाराकडे वळवायला तिच्याकडे मते कमी उरली. १९४६ पर्यंत चित्र पालटले. १९४२ चे आंदोलन, तुरुंगवास, आझाद हिंद फौजेचे खटले यांनी काँग्रेसची लाट उसळली होती आणि सवर्ण हिंदू मतदारांत तिला आव्हान देणारा कोणी उरला नव्हता. सर्वसाधारण जागा हातच्या होत्या. मग शिल्लक मते राखीव जागेकडे वळविणे सोपे झाले, आणि दलितांनी आपली सारी मते एकवटली तरी त्या लोंढ्यापुढे ती टिकली नाहीत.

दलितांच्या बाजूला मात्र १९३७ चे सोबती नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला फेडरेशन स्थापन झाले आणि मजूर पक्ष मागे पडला. परुळेकर कम्युनिस्ट चळवळीत निघून गेले. कोकणातला कुणबी, गिरणीतला सवर्ण कामगार यांना आपले म्हणता येईल असे निशाण उरले नाही. म्हणून दलित मत एकजुटीने पडले तरी एकटेच पडले.

यावर कोणी म्हणेल की, फेडरेशन ही चूक होती असे तुम्ही सुचविता. मी तसे म्हणत नाही. १९४२ मध्ये क्रिप्स आले तेव्हा वाटाघाटीच्या मेजावर धर्म आणि जमात यांना जागा होती, मजुराला नव्हती. सत्तांतराच्या त्या घाईत अस्पृश्यांचा स्वतंत्र राजकीय घटक म्हणून उच्चार झाला नसता तर त्यांचा प्रश्न हिंदूंच्या पोटात गडप झाला असता. फेडरेशन ही इतिहासाने लादलेली निकड होती. पण निकडीला तत्त्व समजण्याची सवय आपल्याला नंतर लागली, आणि तिच्यावर मी बोट ठेवतो आहे. बाबासाहेबांनी स्वतः तसे समजले नाही. मार्च १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले आणि त्याच निवेदनात शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करण्याची मागणी केली. एका हाताने फेडरेशन आणि दुसऱ्या हाताने मजूर पक्ष त्यांनी घट्ट धरलेला होता.

पुढचा इतिहासही हेच सांगतो. १९५१-५२ च्या निवडणुकीत दोन जागांचे मतदारसंघ राहिले, पण १९५१ च्या कायद्याने मते एकवटण्याची मुभा काढून घेतली. एका उमेदवाराला एकच मत. प्रौढ मताधिकार आला, दलित स्त्रीला आयुष्यात पहिल्यांदा मत मिळाले, आणि उत्तर मुंबईत बाबासाहेब काँग्रेसच्या काजरोळकरांकडून पराभूत झाले. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होऊन लढले, आणि दादासाहेब गायकवाड नाशिकहून तर बी. सी. कांबळे कोपरगावहून लोकसभेत गेले. दलित मत या पाच वर्षांत एकाएकी वाढलेले नव्हते. समितीमुळे काँग्रेसला सर्वसाधारण जागांवर घाम फुटला होता, आणि दलित मत दुसऱ्यांच्या मताच्या खांद्याशी खांदा लावून उभे होते. या युतीने दलितांचे प्रश्न सुटले असे मी म्हणत नाही. दादासाहेबांना भूमिहीनांचा सत्याग्रह पुढे स्वतंत्रपणे उभारावाच लागला. म्हणजे सोबत मिळाली तरी कार्यक्रम आपलाच हवा.

आज दोन पायऱ्यांची पद्धत नाही, अनेक जागांचे मतदारसंघही १९६१ च्या कायद्याने गेले. एक मतदारसंघ, एक जागा. पण पुणे कराराचा गाभा तसाच आहे : उमेदवार दलित, निर्णायक मत बहुसंख्याकांचे. म्हणून राखीव जागेवर निवडून आलेला प्रतिनिधी गप्प का बसतो, हा प्रश्न त्याच्या शीलाचा जेवढा आहे त्याहून अधिक तो त्याला निवडणाऱ्या मतांचा आहे. ज्याच्या मतावर तो उभा आहे त्याच्याविरुद्ध तो बोलणार कसा? अत्याचाराच्या घटनेनंतर राखीव जागेवरच्या आमदाराच्या घरावर मोर्चा नेणाऱ्या तरुणांचा संताप मला समजतो. परंतु त्या संतापाने मतदारसंघाचा नकाशाही हातात घेतला पाहिजे. शेजारच्या सर्वसाधारण जागेवर कोणाची कोणाशी झुंज आहे, भूमिहीन मराठा, धनगर, आदिवासी, मुसलमान कोठे उभे आहेत, हे ज्याला सांगता येत नाही त्याने 'आपली इतकी मते' असा हिशेब मांडू नये.

शेवटी साहित्याविषयी एक तक्रार. दलित आत्मकथनांतून पाणवठा आला, शाळेचा उंबरठा आला, बलुते आले, शहराची झोपडपट्टी आली. मतपेटी मात्र माझ्या वाचनात क्वचितच आली. १९३७ साली वतनाच्या कामावरून नाव लागलेला महार मतदानाला गेला तेव्हा पाटील कोठे उभा होता? तिन्ही मते एकालाच द्यायची, हे निरक्षर माणसाला कोणी आणि कसे समजावले? १९५२ साली पहिल्यांदा बोटाला शाई लागलेल्या बाईने घरी येऊन काय सांगितले? ही माणसे आता बहुतेक गेली. त्यांच्या मुला-नातवंडांकडे जे उरले असेल ते विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन लिहून घ्यावे. शिक्षकांनी १९३७ आणि १९४६ चे आकडे वर्गात शेजारीशेजारी मांडून मुलांना या दोहोंतला फरक विचारावा. कार्यकर्त्यांनी पुढच्या निवडणुकीआधी हाच फरक स्वतःला विचारावा.

चौदा हा आकडा मिरवायचा नाही आणि शून्य हा आकडा लपवायचा नाही. दोन्ही आपल्याच चळवळीने कमावलेले आहेत. चौदा सांगतो की आपले मत एकवटले पाहिजे. शून्य सांगतो की ते एकटे पडता कामा नये.